जिभेवर उतरणारे तेल

शनिवार, दुपारचे दोन. ऑर्डवे कॉलेजच्या बास्केटबॉलच्या मैदानावर ब्रिन होल्टकॅम्प धावत आली. घडले ते एवढेच. त्यावर अख्खे क्रीडागृह उभे राहिले आणि मागच्या बाकांवरची म्हातारी माणसे रडू लागली.

महिन्यापूर्वी हीच मुलगी कठड्याला धरून, एकेक पायरी आडवी उतरत होती. डाव्या गुडघ्यातली गादी फाटली होती. गावच्या डॉक्टर मिरियम ऑटेनबर्ग यांनी तपासणीचे चित्र उजेडावर धरून तिला फाटलेली जागा दाखवली होती आणि सांगितले होते, शस्त्रक्रिया करून घे, हा हंगाम सोड. ब्रिन कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. जूनमध्ये तिला अग्निशमन दलाची परीक्षा द्यायची होती. पाठीवर ओझे, हातात पाण्याची जाड नळी, समोर शिडी. लहानपणापासून तिला दुसरे काही व्हायचेच नव्हते. त्या परीक्षेसाठी गुडघा वाचवायचा, असे घरात ठरलेही होते.

आणि आता ती धावत होती. पहिल्या रांगेत ब्रदर वेंडेल प्रूइट पांढरा टॉवेल हवेत फिरवत होता.

हा प्रूइट उन्हाळ्यात ओहायोतल्या आमच्या गावात आला. टायरचे बंद पडलेले दुकान भाड्याने घेऊन तिथे रविवारी प्रार्थना घेऊ लागला आणि दुखऱ्या सांध्यांना ‘पवित्र तेल’ चोळू लागला. आधी काय करत होतास, असे विचारले की म्हणायचा, "प्रभूची चाकरी." आधीची चाकरी कुठली, हे कोणी विचारले नाही. माणूस उंच, आवाज मधाळ, आणि हात नेहमी रबरी मोज्यांत. पवित्र तेलाला पापी हात लागू नये म्हणून, असे तो सांगे.

"तेल मी कातडीवर लावतो, माझ्या लेकरांनो," तो मध्यंतरात ओरडला, "पण स्वीकारतो तो आत्मा! आणि आत्म्याने स्वीकारलं हे कळतं कसं? जिभेवर! तेल गुडघ्यावर, आणि चव जिभेवर! सांग पोरी, आली होती की नाही?"

"आली होती," ब्रिन म्हणाली. "दर वेळी येते."

"कोणता डॉक्टर करून दाखवेल हे?"

कोणताच नाही, असे अख्खे क्रीडागृह ओरडले. कॉलेजच्या फिरत्या डॉक्टरने तिला एका पायावर उड्या मारायला लावल्या होत्या. तिने हसत मारल्या. त्याने खेळायची परवानगी दिली आणि तो पुढच्या कॉलेजला गेला.

*

मी जिल्ह्याच्या दैनिकात खेळाच्या बातम्या लिहितो. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मार्जच्या खानावळीत बसावे लागते, कारण निकालांवर खरा खल तिथेच होतो. डेल ओस्टरहाउट तिथला मुख्य न्यायाधीश. पूर्वी खत-बियाण्यांचे दुकान होते, आता निवृत्त. ऑर्डवेचा एकही सामना त्याने चुकवलेला नाही, आणि प्रशिक्षकापेक्षा आपल्याला जास्त कळते याबद्दल त्याला कधी शंका नव्हती.

"एक्केचाळीस गुणांनी!" त्याने काट्याने पॅनकेक भोसकला. "गिल्बोआला एक्केचाळीस गुणांनी धुतलं. छाप ना हे मोठ्या अक्षरात."

"छापलं की. पण डेल, गिल्बोआ बायबल कॉलेजकडे सातच मुली होत्या. त्यातली एक चर्चमध्ये पियानो वाजवते. चेंडू तिने सप्टेंबरमध्ये पहिल्यांदा धरला."

"मग काय झालं? गिल्बोआ वॉकर फॉल्सकडून हरली नऊ गुणांनी. आपण हरवलं एक्केचाळीसने. म्हणजे वॉकर फॉल्सपेक्षा आपण बत्तीसने सरस. आणि वॉकर फॉल्सने गेल्या वर्षी लार्किनला घाम फोडला होता. म्हणजे लार्किन आपल्या खिशात! हिशेब सरळ आहे लेका."

"आणि हे सगळं तेलामुळे?"

"तेलाआधी आपण काय होतो? गेल्या फेब्रुवारीत शेवटचे पाचही सामने हरलो. तेल आलं, जिंकायला लागलो. आणखी काय पुरावा पाहिजे तुला? मार्ज, याला कॉफी दे, याची झोप अजून गेलेली नाही."

टेबल हसले.

छोट्या कॉलेजांच्या जगात नोव्हेंबर हा थापाड्या महिना आहे. वेळापत्रक वसंतातच ठरते. प्रशिक्षक पहिले सामने मुद्दाम घरच्या मैदानावर आणि दुबळ्या पाहुण्यांशी लावतात, मुलींना हुरूप यावा म्हणून. तगडे संघ पुढे येतात. तेव्हा हे विजय प्रूइट गावात पाय ठेवण्याआधीच कागदावर तयार होते. हे त्या टेबलावरच्या प्रत्येकाला ठाऊक होते. दुसऱ्या कॉलेजांच्या नोव्हेंबरला ते याच कारणासाठी हसत असत. स्वतःचा नोव्हेंबर मात्र त्यांना प्रभूने पाठवलेला वाटत होता.

डॉ. ऑटेनबर्ग सराव चालू असताना प्रशिक्षक डेनी क्राउसला भेटायला गेल्या. मी तिथेच होतो.

"तिला बसव, डेनी. फाटलेली गादी प्रार्थनेने शिवली जात नाही."

"दुखत नाही म्हणते हो, बाई. दुखतच नाही तर फाटलंय काय?"

"दुखणं ही आगीची घंटा असते. तू घंटेची तार कापलीस म्हणून आग विझली नाही."

"मी काही कापलं नाही," क्राउस म्हणाला. ते खरे होते. दुखणे कशाने थांबले, हे त्याने फक्त विचारले नव्हते.

ब्रिन हे ऐकत उभी होती. ती म्हणाली, "डॉक्टर, तुम्हाला माझं बरं झालेलं बघवत का नाही?"

*

लार्किनचा संघ डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी आला. त्यांच्याकडे बारा मुली होत्या आणि त्यातली एकही पियानो वाजवत नव्हती. मध्यंतरालाच ऑर्डवे मागे पडले. प्रूइटने टॉवेल बाटलीत भिजवून ब्रिनच्या गुडघ्याला गुंडाळला आणि गर्दीला गुडघे टेकायला लावले. ती पुन्हा मैदानात गेली. काही वेळाने जाळीखाली उडी मारली, डाव्या पायावर खाली आली. आवाज झाला. पहिल्या रांगेने तो ऐकला.

डॉ. ऑटेनबर्ग बाकांवरून उतरून तिच्याजवळ बसल्या. गुडघा एकाच कोनात अडकला होता, सरळ होत नव्हता. त्या तिच्या चेहऱ्यावर वाकल्या आणि थबकल्या.

"सकाळी काय खाल्लंस?"

"ओटची लापशी."

"लसूण?"

"ती तेलाची चव आहे, डॉक्टर." ब्रिनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, तरी समजावून सांगितल्यासारखी ती बोलली. "स्वीकारलं की येते."

मुलगी जमिनीवर असतानाच माझ्या मागे कोणीतरी म्हणाले, "शंका घेतली असणार तिने." दुसऱ्याने विचारले, "आता बदली कोण?" क्राउसने बदली पाठवली. ऑर्डवे सव्वीस गुणांनी हरले. दारातून बाहेर पडणारी माणसे तिच्याबद्दल बोलत होती, आणि त्यात कळवळा कमी, तक्रार जास्त होती.

*

बुधवारी सकाळी खानावळ भरली होती. प्रूइट काउंटरला टेकून, मोजे घातलेल्या हातांनी कप धरून खुलासा करत होता.

"मी त्या पोरीला विचारलं होतं. म्हटलं, ब्रिन, मनात खोट तर नाही? ती नाही म्हणाली. पण तिच्या बापाने गुपचूप दुसऱ्या तपासणीची वेळ घेतली होती! प्रभूच्या कामावर डॉक्टरची मोहर! आत्मा अपमान सहन करत नाही, बंधूंनो."

माना हलल्या. "हॅरल्डने असं करायला नको होतं," डेल म्हणाला. हॅरल्ड म्हणजे ब्रिनचा बाप. त्या वेळी तो कोलंबसच्या इस्पितळात मुलीच्या खाटेशी बसला होता, म्हणून त्याच्याबद्दल बोलणे सोपे होते.

डॉ. ऑटेनबर्ग आत आल्या आणि त्यांनी एक तपकिरी बाटली टेबलावर ठेवली.

"डेल, बाही वर कर."

"हे काय आहे?"

"तेच तेल. फक्त आशीर्वाद दिलेला नाही."

"अश्रद्धाच्या हातचं अभ्यंग चालत नाही!" प्रूइट घाईने म्हणाला. "काही होणार नाही त्याने."

"मग तुला काळजी कसली? कर रे बाही वर."

डेलने सगळ्यांकडे बघत, कुस्तीला उतरल्यासारखी बाही सरकवली. डॉक्टरांनी कापसाने त्याच्या दंडावर तो द्रव चोळला. मग न्याहारीचे कार्ड उचलले आणि प्रूइटच्याच लांबवलेल्या आवाजात वाचायला लागल्या.

"दोन अंडी, हवी तशीऽ! सोबत तळलेले बटाटेऽ! डुकराचं सॉसेज, दोन नगऽ! आणि जो कोणी ॲपल पाय मागेल, त्याला वर आइस्क्रीम मिळेलऽ!"

लोक खदखदून हसू लागले. डॉक्टरांनी रस्सा घातलेल्या मऊ पावांपासून लहान मुलांच्या थाळीपर्यंत सगळे कार्ड संपवले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. दुसऱ्यांदा सॉसेजपर्यंत आल्या तेव्हा डेल हसायचा थांबला. त्याने जीभ टाळ्याला लावली. पाणी प्यायला. पुन्हा जीभ फिरवली.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारले.

"काही नाही."

"डेल."

"लसूण," तो म्हणाला.

"अभिनंदन. तुझ्या आत्म्याने सॉसेज स्वीकारलं."

या वेळी हसणारी फक्त मार्ज होती.

डॉक्टरांनी कार्ड खाली ठेवले. "कागदासाठी लाकडाचा लगदा करतात ना, त्यातून हा द्रव निघतो. कातडीतून थेट रक्तात उतरतो. शरीर त्याचा गंधकाचा वायू करतं, तो श्वासावाटे बाहेर पडतो, म्हणून लसणाची चव. संताला येते, चोराला येते, घोड्यालाही येत असेल. माझ्या नवऱ्याचे शर्यतीचे घोडे होते. तो घोड्यांचे सांधे उघड्या हातांनी चोळायचा आणि रात्री त्याच्या तोंडाला हाच वास यायचा. आणि यात जे विरघळवाल ते हा द्रव सोबत आत नेतो. ब्रिनच्या गुडघ्यावरचा टॉवेल मी प्रयोगशाळेकडे पाठवलाय, त्यात काय विरघळवलं होतं ते ती सांगेल. मला विचाराल तर घोड्यांचं वेदनाशामक. हा गृहस्थ तीन वर्षं शर्यतीच्या तबेल्यात कामाला होता, मी फोन करून विचारलं. ब्रदर, मोजे काढतोस का? तुझ्या पापी हातांना तेल लावून बघू, तुझा आत्मा काय म्हणतो ते."

प्रूइटने कप ठेवला, "या गावावर मला दया येते," असे म्हणाला आणि दाराबाहेर पडला. त्याला कोणी अडवले नाही. त्याची गाडी सुरू होऊन वळली.

मग डेल बोलला. "म्हणजे दुखणं थांबतं, हे तर खरंच ना?"

"काय?"

"नाही, म्हणजे देवाचं सोडा. पण औषध काम तर करतं. शनिवारी सामना आहे, आपल्या संघातल्या टेसाचा घोटा सुजलाय. थोडंसंच लावलं तर..."

डॉ. ऑटेनबर्ग यांनी बाटली टेबलावरून उचलली. "घोड्याला हे चोळून पळवत राहिलं की शेवटी त्या घोड्याचं काय करतात, डेल? तू याच जिल्ह्यात वाढलास."

त्या गोळीबद्दल डेलला माहीत होते. टेबलावरच्या सगळ्यांनाच माहीत होते. त्याने बाही खाली केली आणि कॉफी मागितली.

*

यात समजायला कठीण असे काही नाही. चव आली, म्हणून देव आला, असे होत नाही. आधी विचारायचे, ही चव आणखी कशाने येते? जिंकलो, म्हणून तेल चालले, असेही होत नाही. आधी पाहायचे, समोर कोण होते? आणि दुखायचे थांबले, म्हणजे बरे झाले, असे म्हणण्यापूर्वी फाटलेले जोडले गेले का, ते पुन्हा चित्र काढून बघायचे. हे तीन प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही. एका मुलीचा गुडघा आपल्या शनिवार दुपारपेक्षा महत्त्वाचा आहे एवढे मान्य असावे लागते. आमच्या गावाला ते मान्य नव्हते. प्रूइटने गावाला फसवले हे खरे. पण गाव त्याच्या दारात टॉवेल घेऊन उभे होते, हेही तितकेच खरे.

गुरुवारी प्रयोगशाळेने टॉवेलमध्ये घोड्यांचे वेदनाशामक सापडल्याचे कळवले. त्याच दिवशी कोलंबसमध्ये शस्त्रक्रिया झाली. गादी शिवण्याजोगी उरली नव्हती, त्यामुळे बहुतेक भाग काढून टाकावा लागला. हाडावरचे आवरणही घासले गेले आहे. हंगामाआधी ती शिवता आली असती का, या प्रश्नावर शल्यचिकित्सक "बहुधा" म्हणाले. जूनमध्ये ब्रिन शिडी चढू शकेल का, या प्रश्नावर त्यांनी हॅरल्डकडे पाहिले आणि वसंतात बघू म्हणाले.

प्रूइट राज्याच्या सरहद्दीपलीकडे, शेजारच्या इंडियानात असल्याचे समजते. जिल्ह्याचे पोलीसप्रमुख, म्हणजे शेरीफ, त्याला आणू शकतात, पण त्यासाठी ब्रिनची तक्रार हवी. शुक्रवारी सकाळी डेल आणि आणखी चौघे फुले घेऊन इस्पितळात गेले. तक्रार झाली तर नोव्हेंबरचे विजय रद्द होतील, अशी वावडी त्यांनी कुठूनतरी उचलली होती. तसा नियम मला सापडला नाही, आणि मी ते त्यांना सांगितले होते. तरीही त्यांनी तिला हळू आवाजात, फार मायेने सांगितले की मैत्रिणींचा विचार कर.

दुपारी मी गेलो तेव्हा ती जागी होती. पाय पट्ट्यांत, उशीवर उंच ठेवलेला.

"गिल्बोआविरुद्धचे माझे एकोणतीस गुण," तिने विचारले, "ते खरे होते ना?"

"नोंदले गेलेत," मी म्हणालो.

"ते नाही विचारलं मी."

मी वही बंद केली. तिने तोंड भिंतीकडे वळवले. शेरीफचा माणूस तक्रारीचा कागद घेऊन बाहेरच्या खुर्चीत बसला होता. संध्याकाळी आमचे पान छपाईला जाईपर्यंत त्या कागदावर तिची सही झालेली नव्हती.