लाल धाग्याचे सेल

मित्रांनो, नंदनवन वस्तीतल्या एका विणकराच्या घरी, मागाच्या खोलीतल्या कोनाड्यात बसलेला, टॉर्चचे सेल भरणारा चार्जर म्हणजे मी. मला गरम कळतं, थंड कळतं. बाकी फारसं काही कळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

चौऱ्याऐंशी साली मधुकररावांनी मला आणलं, ते वडिलांसाठी. वडील, नत्थूजी, खड्ड्यात पाय सोडून बसायच्या मागावर साडीचे काठ विणत. तुटलेला धागा मागाखालच्या अंधारात शोधायला त्यांना टॉर्च लागे. माझ्यासोबत पुन्हा पुन्हा भरता येणारे दोन सेल आले. सून शामला ते अधिक-उणे पाहून माझ्यात बसवायची. मला कधी फडक्याने झाकायची नाही. बाळाला मांडीवर घेऊन मधूनमधून सेलांना हात लावायची, आणि ते कोमट लागले की बटण बंद करायची. जसं बाळाचं कपाळ पाहावं, तसाच तो हात असायचा.

नत्थूजींची सवय मात्र जुनी. एकदाच वापरायचे साधे सेल संपले की ते टिनाच्या छपरावर उन्हात ठेवायचे. मग टॉर्च आणखी थोडी जळायची.

"मामाजी, फेका नं ते," शामला सासऱ्यांना म्हणायची.

"काहून फेकू वं? ऊन खाल्लं का उठते गडी."

"उन्हात ठेवा तं ठेवा. चार्जरात नका ठेवू. त्याच्यावर लिहून हाय."

"लिहिणाऱ्यानं कधी माग चालवला काय?"

एका दुपारी शामला आत बाळाला निजवत होती. काठाचा धागा तुटला आणि टॉर्च विझली. नत्थूजींनी टिनावरचे दोन साधे सेल आणून माझ्यात बसवले. "हे तं इजेचं ऊन हाय," ते पुटपुटले. मला नाही म्हणता येत नाही. वीज आली की पुढे द्यायची, एवढंच माझं काम. सेल तापले, फुगले. झाले का पाहायला नत्थूजी वाकले, आणि एक सेल फुटला. आतलं रसायन त्यांच्या डोळ्यात उडालं.

शामला धावत आली. तिने आधी बटण बंद केलं, मग त्यांचं डोकं धरून उजव्या डोळ्यावर पाण्याची धार धरली. माठ रिकामा झाला तरी ती थांबली नाही, बादली ओढली. डॉक्टर म्हणाले, पाण्यामुळे डोळा राहिला. नजर मात्र अंधूकच राहील.

घरात कोणी रडलं नाही. माग उभा होता, अर्धा काठ तसाच.

"फेकून दे वं हे," मधुकरराव म्हणाले.

"त्याचा काय दोष?" शामला म्हणाली. तिने मला कोरड्या फडक्याने पुसलं. काठातलाच लाल रेशमी धागा घेतला आणि भरता येणाऱ्या दोन्ही सेलांच्या मधोमध एकेक वेढा डिंकाने चिकटवला. टिनावरचे सेल तिने उचलून टाकले.

आता काठ शामला विणते. नत्थूजी बाळाला घेऊन माझ्याशेजारी बसतात. सेल हातात घेऊन त्यावरून अंगठा फिरवतात.

"शामला, याले धागा हाय."

"मंग ठेवा, मामाजी."

ते ठेवतात. मी हळूहळू कोमट होतो.

मित्रांनो, मी कोणालाही नाही म्हणू शकत नाही. माझ्यात काय ठेवायचं ते तुम्हीच पाहा, आणि दिसत नसेल तर हात लावून पाहा.