बुटांच्या दुकानातला हाडं दाखवणारा पेटारा

मी पेटारा बोलतोय. कपड्यांचा नव्हे, बुटांच्या दुकानातला, पाय आत घातला की हाडं दाखवणारा एक्स-रेचा पेटारा. थापा मारायची मला सवय आहे, हे आधीच कबूल करतो. पण ही थाप नाही. असती तर बरं झालं असतं.

एका सुताराने आणि दवाखान्यातून मोडीत निघालेल्या एका यंत्राने मिळून मला जन्म दिला. कमरेइतका उंच, चकचकीत लाकडाचा. खाली पाय घालायला खाच आणि वर डोळे लावायला तीन झरोके. एक गिऱ्हाइकाचा, एक त्याच्या घरच्यांचा, एक विक्रेत्याचा. बटण दाबलं की मी गुणगुणायचो आणि हिरव्या उजेडात बुटाचे खिळे अन् बोटांची हाडं तरंगायला लागायची.

गर्दी काय व्हायची म्हणता! एका गृहस्थाने पायाचं सहावं बोट वीस वर्षं मोज्यात लपवलं होतं. माझ्यापुढे वीस सेकंदांत उघडं पडलं. बूट राहिले बाजूला; बायको त्याच्यामागे "आणखी काय काय लपवलंय?" करत दुकानभर फिरली. मुलं तर बूट नको असले तरी यायची, बोटं हलवून आपलाच सांगाडा नाचवायची. आया कौतुकाने बघायच्या.

माणसाचं एक मला कधी कळलं नाही. बूट चावतोय का, हे तो पायाला विचारायचं सोडून मला विचारायचा. "टोचतोय जरा," गिऱ्हाईक म्हणायचं. "टोचेल कसा? आत बघा, जागा आहे!" मालक म्हणायचा. गिऱ्हाईक बघायचं आणि लंगडत घरी जायचं.

ती जागा दाखवायचे आमच्या दुकानातले विक्रेते बोटमापे. खरं आडनाव वेगळं, पण बोटाने दाबून माप सांगावं तर यांनीच, म्हणून हे नाव पडलं. इतर विक्रेते झरोक्यातून बघून सांगत. बोटमापे उकिडवे बसून उजवा हात थेट खाचेत घालत. "हे तुमचं बोट, हे माझं बोट, मधे ही जागा. वर्षभर चिंता नको!" दिवसातून चाळीस-पन्नास वेळा. ही ऐट सगळ्यांना आवडायची. मलाही.

चौथ्या वर्षी त्यांच्या हाताची कातडी लाल झाली. मग सोलली, मग भेगाळली. डॉक्टर म्हणाले, पॉलिश बाधतंय. हातमोजे आले. मग म्हणाले, चामड्याचा रंग बाधतोय. मलम आलं. नखं काळी पडली.

त्यांची बायको दुपारी डबा घेऊन यायची. एकदा डबा तसाच काउंटरवर ठेवून म्हणाली, "अहो, सासूबाई गेल्या तेव्हा तीन आठवडे घरी होतात. हात बरा होत आला होता. इथे आलात की पुन्हा सुरू. या दुकानातच काहीतरी आहे."

मालक हसला. "वहिनी, बूट पायाला चावतात, हाताला नाही."

बोटमापेही हसले. "अगं, आराम मिळाला म्हणून बरं वाटलं. आत काही बिघडलं असतं तर दिसलं नसतं का? मी रोज बघतो."

रोज बघायचे, हे खरं. सकाळी दुकान उघडलं, की गिऱ्हाईक यायच्या आत माझ्यावर वाकून दुखरा हात खाचेत घालायचे आणि डाव्या हाताने बटण दाबून धरायचे. पाच मिनिटं, कधी दहा. "हाडं ठणठणीत आहेत," असं स्वतःशीच म्हणत समाधानाने हात बाहेर काढायचे. ठणका वाढला, तसं बघणंही वाढलं. मला उजेड पाडता येतो. तो पुढे अंगात काय करतो, ते मला कुठे ठाऊक?

आधी तीन बोटं कापली. मग मनगटापासून हात. मग काखेत गाठ आली, आणि बोटमापे गेले.

महिन्याभराने त्यांची बायको दुकानात आली. "डॉक्टर म्हणाले, या पेटाऱ्यामुळे झालं."

मालकाचा चेहरा उतरला, पण तोंड चालूच. "वहिनी, हजारो मुलांनी यात पाय घातलेत. एकाची तरी तक्रार आली का?"

"त्यांचे पत्ते आहेत तुमच्याकडे?"

"गिऱ्हाइकांचे पत्ते कोण ठेवतं?"

तिने माझी वायर भिंतीतून उपटली आणि काउंटरवरची चामडं कापायची कात्री घेऊन मुळापासून कापून टाकली. तिला कोणी अडवलं नाही.

हल्ली मी एका संग्रहालयात असतो. पाटीवर लिहिलंय, 'जुन्या काळची गंमत'. परवा एक आजी नातीला घेऊन आल्या.

"अगं, हाच तो! सुट्टीच्या दिवशी आम्ही भावंडं यात पाय घालायला धावायचो. दहा-दहा वेळा!"

"मग काय व्हायचं?"

"काय व्हायचंय? मजा यायची!"

आणि कठड्याला धरून, डावा पाय जपून टाकत त्या पुढच्या दालनात गेल्या.

माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचला नाही. तुमच्यापर्यंत पोचला असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा, लहानपणी कुठे असल्या पेटाऱ्यात पाय घातला होता का. हो म्हणाले, तर तेवढं डॉक्टरांच्या कानावर घाला.