शेवटची दाढ

ऑरिनने हरणाच्या गालाला चीर दिली, आत अंगठा घातला, दाढांवरून मागून पुढे एकदा फिरवला आणि म्हणाला, "तीन."

गाई विकल्यापासून ऑरिनचा गोठा फक्त नोव्हेंबरात जागा व्हायचा, शिकारीच्या दिवसांत. तुळईला उलटा टांगलेला नर, खाली भुसा, पालथ्या बादलीवर बिअर घेऊन बसलेला शेजारचा एलरॉय, दाराला टेकलेला ऑरिनचा मुलगा कर्ट. आणि कर्टची बहीण मार्नी, जिने हा नर मारला होता, कोपरापर्यंत हात रक्ताने माखलेले, बापाच्या तोंडाकडे बघत उभी.

"तीन?"

"तीन वर्षांचा," ऑरिन अंगठा पँटला पुसत म्हणाला. "चांगला झाला असता अजून."

"अरे रे," कर्ट म्हणाला. त्याने चेहरा पाडला होता, पण डोळ्यांना तो जमला नव्हता.

ऑरिनच्या जमिनीवर एकच कायदा होता. पाच वर्षांच्या आतला नर मारायचा नाही. मारलास तर पुढचं वर्ष घरी बसायचं आणि आपलं मचाण दुसऱ्याला द्यायचं. भोवतालची माणसं डोक्यावर शिंगाची काटकी दिसली की बाण सोडायची, त्या काळात त्याने तो घातला होता आणि स्वतःलाही त्यातून कधी सोडलं नव्हतं. एकदा चार वर्षांचा मारून तो मुकाट्याने घरी बसलेला मार्नीने लहानपणी पाहिला होता. सबंध हंगामभर खिडकीशी, दुर्बीण मांडीवर घेऊन. त्यामुळे त्याच्या अंगठ्याला कुणी उलट बोलत नसे.

"मान बघ ना डॅड," मार्नी तरी म्हणाली. "मान कुठे संपते नि छाती कुठे सुरू होते ते कळत नाही. पोटाला झोळ आहे."

"नोव्हेंबरात सगळ्यांच्याच माना सुजतात. माद्यांमागे धावून माणसाचीही सुजेल. काय एलरॉय?"

"माझी कधीच सुजली नाही," एलरॉय म्हणाला. "म्हणून तर एकटा राहिलो."

ते हसले. मार्नीच्या सदऱ्याच्या आत दोन ओले डाग पसरत होते. घरी चार महिन्यांची हॅटी भुकेली असणार. जबडा आपणही बघावा असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण ऑरिनच्या मागून दात पडताळणं म्हणजे पाद्री वाचत असताना शेजारी बसून बायबल उघडून बघणं. तिने हात धुतले आणि गाडीकडे निघाली.

"धारेवरचं मचाण मग मी घेतो," कर्ट मागून म्हणाला. "राग नाही ना?"

"राग कसला. कायदा आहे."

घरी नवऱ्याने, नीलने, तिचा चेहरा पाहिला आणि पोर तिच्या हातात दिली. हॅटी छातीला लागली, एक हात मोकळा करून आईच्या हनुवटीवर ठेवला. तिच्या बोटांना अजून काही धरता येत नव्हतं, नुसतं असता येत होतं. मार्नी तिच्या टाळूवरून हात फिरवत राहिली आणि सकाळचं सगळं परत परत आठवत राहिली.

टेकडीच्या धारेवरचा, मचाण बांधलेला तो ओक तिने स्वतः शोधला होता. घळीतून वर येणारी पायवाट तिथे अरुंद होते आणि सकाळी वारा खालून वर येतो, म्हणजे खालून येणाऱ्या जनावराला तुमचा वास लागत नाही. बाळंतपणानंतर दंडातला जोर गेला होता, म्हणून धनुष्याचा ताण तिने उतरवून घेतला होता. उन्हाळाभर हॅटी झोपली की परसात गवताच्या भाऱ्यावर बाण सोडायची, वीस पावलांवरून, मग तीसवरून. एक झोप म्हणजे तीस-चाळीस बाण. कधी दहाच. नील गमतीने म्हणायचा, पोरीला अंगाईऐवजी दोरीचा आवाज ऐकूनच झोप लागते.

"दुधाचा वास दहा एकर जाईल तुझा," ऑरिनने टोमणा मारला होता. "लांडगे येतील, हरीण नाही यायचं."

आलं होतं, तरीही. उजाडल्यावर थोड्या वेळाने, वाळल्या पानांवर जड, सावकाश पावलं टाकत. शिंगं बेताचीच होती. पण शिंगांवरून वय सांगणारा माणूस टोपी बघून अक्कल सांगतो, हे ऑरिनचंच वाक्य. त्याने तिला शिकवलं होतं, ती शाळेतही जात नव्हती तेव्हा, कुंपणावर बसवून: "दोनचा नर म्हणजे मादीच, शिंगं उसनी आणलेली. तीनचा म्हणजे शर्यतीचा घोडा, पाय लांब, पोट आत. पाचचा म्हणजे बैल. पाय आखूड झाल्यासारखे वाटतात, कारण छाती खाली आलेली असते." हा बैल होता. तिने दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. त्याचं डोकं झाडाच्या बुंध्याआड गेलं तेव्हाच तिने दोरी ओढली, ओठाच्या कोपऱ्याला लावली, आणि त्याचा अलीकडचा पाय पुढे पडेपर्यंत श्वास धरून ठेवला. पाय पुढे पडला, फासळ्या उघड्या पडल्या. मनगटाला बांधलेल्या, दोरी सोडणाऱ्या चापाला बोट कधी लागलं तिला कळलंही नाही. नंतर घाईने खाली उतरली नाही. पानांवरचं रक्त गुलाबी होतं, फेसाळ, म्हणजे बाण फुप्फुसात लागलेला. साठ पावलांवर तो पडलेला होता. तिने त्याच्या मानेवर हात ठेवला होता आणि तिला रडू आलं होतं, आनंदाचं. ह्या वर्षात फक्त तिचं असं हे एकच होतं.

आणि तो तीन वर्षांचा निघाला. म्हणजे आपले डोळे गेले. पोर झाल्यावर बाईचं डोकं कापसाचं होतं म्हणतात, ते हेच असेल. ही गोष्ट तिला मचाण गेल्यापेक्षा जास्त लागली.

मारलेल्या नरांचे जबडे गोठ्यातल्या एका तारेत ओवलेले असत, ऑरिनच्या हाताने, प्रत्येकाला नाव आणि साल लिहिलेली पत्र्याची चकती. पुढच्या उन्हाळ्यात ती बापाकडे अंडी द्यायला गेली. ऑरिन दवाखान्यात डोळे दाखवायला गेला होता, दोन्हींत मोतीबिंदू निघाले होते. हॅटी आता वर्षाची झाली होती, चार पावलं टाकून बसायची, आणि दिसेल ते तोंडात घालायची. गोठ्यात ती तार खाली लोंबत होती. तिने हात घालून एक जबडा ओढला आणि आपल्या हिरड्यांना लावला.

"छी, सोड. सोड गं राणी."

मार्नीने तो सोडवून घेतला. चकतीवर तिचंच नाव होतं. आणि एकदा हातात आल्यावर मग न बघता ठेवणं जमलं नाही.

ते वाचायला अवघड नाही. खालच्या जबड्यात मागे तीन दाढा असतात. दाढेच्या माथ्यावर पांढरा थर आणि मधे तपकिरी रेघ. झिजत जाईल तशी तपकिरी रेघ रुंदावते आणि कडा बोटाला बोथट लागतात. पहिल्या दाढेत ती पांढऱ्याहून रुंद झाली की तीन, दुसऱ्या दाढेत झाली की चार, शेवटच्या दाढेत झाली की पाच. पहिली दाढ जवळजवळ सपाट होती. तिच्या आतल्या कडेचा एक तुकडाही उडालेला होता. दुसरी तपकिरी. शेवटची दाढ ती दारात उजेडाला घेऊन गेली. तपकिरी. रुंद.

ती तिथेच दारात बसली. हॅटीने तिच्या मांडीवर चढून परत जबड्याला हात घातला.

आधी हलकं वाटलं, एकदम. आपले डोळे गेले नव्हते. मग दुसरं वाटलं, डॅड मग तीन का म्हणाला, आणि त्याला तिने तिथल्या तिथे उत्तर दिलं: मोतीबिंदू. बिचाऱ्याला दिसलं नसेल. मागच्या वर्षीच धुकं असणार त्याच्या डोळ्यांत, सांगत नव्हता एवढंच. तिने जबडा तारेत परत ओवला आणि कुणाला काही बोलली नाही, नीललासुद्धा नाही. सगळा उन्हाळा आणि पानगळ तिने ते उत्तर जपलं, हातात अंडं धरून चालावं तसं. कर्ट धारेवर बसू लागला, ती घरी राहिली. धनुष्य खुंटीवर होतं. हॅटीला धावता येऊ लागलं.

नोव्हेंबरात कर्टने नर मारला. गावभर फोन गेले, मार्नीही नील आणि पोरीला घेऊन आली. नील पोरीला घेऊन बाहेर गाडीत बसला, गोठ्यात फार रक्त होतं. तुळईला टांगलेला नर देखणा होता, शिंगं ही एवढी, बाहेर फाकलेली. आणि पाय लांब. पोट आत.

"बोल आता," कर्ट म्हणाला. "असला नर ह्या गोठ्यात आलाय कधी?"

"शिंगं सुंदर आहेत," मार्नी म्हणाली.

"शिंगं म्हणे. नवऱ्याला बघायला गेली होतीस तेव्हा पण असंच म्हणालीस काय, बूट सुंदर आहेत?"

एलरॉय खोकत हसला. ते दोघं बिअरचा खोका आणायला बाहेर गेले. ऑरिनने जबडा आधीच काढून बाकावर ठेवला होता. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यावर पट्टी होती, दुसरा डोळा दुधाळ.

"तू बघ," तो म्हणाला. "मला ह्यातून नुसतं धुकं दिसतं."

तिने दिवा जवळ घेतला. एकदाच बघायला लागलं. पहिल्या दाढेत तपकिरी रेघ जेमतेम रुंद झाली होती, मागच्या दोन्हींच्या कडा पांढऱ्या, सुरीसारख्या.

"तीन," ती हळूच म्हणाली.

ऑरिनने अंगठा फिरवला.

मग तिने तारेतून आपला जबडा काढला. चकती मुठीत झाकली आणि जबडा त्याच्या तळहातावर ठेवला. का ठेवला हे तिला नीट सांगता आलं नसतं. त्याने म्हणावं, हा कुणाचा गं, जुना दिसतो, अरे देवा, मी ह्याला तीन म्हणालो? एवढंच हवं होतं. मग ती म्हणणार होती, जाऊ दे डॅड, डोळे होते.

अंगठा पहिल्या दाढेवर गेला, तुकडा उडालेल्या कडेशी थांबला.

"हा तुझा," ऑरिन म्हणाला.

बाहेर गाडीचं दार आपटलं. मार्नीच्या मुठीत पत्र्याची कड रुतत होती.

"किती?"

"पाच." अंगठा शेवटच्या दाढेवर होता. "सहाही असेल."

"तेव्हा तीन म्हणालास."

"म्हणालो."

"दिसत नव्हतं म्हणून?"

त्याने जबडा बाकावर ठेवला, हळूच, जणू त्याला दुखेल. "पोर चार महिन्यांची. तू झाडावर, वीस फूट. नीलचा दोनदा फोन आला होता मला, रडते म्हणून, काय करू म्हणून. तुझी आई असती तर तिने... आणि कर्ट दोन वर्षं मागत होता ती धार. त्याला काय आहे दुसरं?"

"मला सांगायचं होतंस, बस घरी म्हणून."

"बसली असतीस?"

"नसते बसले."

"मग?" ऑरिन म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता, तो तसाच राहिला, हे तिला नंतर सगळ्यात वाईट वाटत राहिलं. "तू माझं कधी ऐकलंस? तू दातांचं ऐकतेस."

"मी वर्षभर समजत होते की मला बघताच येत नाही."

त्यावर तो बोलायला तोंड उघडत होता, पण दोघं आत आले. कर्टने खोका भुशावर टेकला.

"हं, निकाल. पाच की सहा?"

"तीन," मार्नी म्हणाली.

कर्ट हसला. मग थांबला. "जळतेस."

"ये, बघ. दिवा धरते."

"मला कुठे कळतं त्यातलं. आणि तुला तरी कुठे? मागच्या वर्षी तू घोड्याला बैल म्हणाली होतीस." तो बापाकडे वळला. "डॅड, तू सांग. तिला सांग."

एलरॉयने बाटलीचं तोंड हाताने झाकलं होतं. तिघंही ऑरिनकडे बघत होते. त्याचा अंगठा परत कर्टच्या नराच्या जबड्यावर गेला होता, त्या सुरीसारख्या कडांवर. मार्नीला वाटलं, आता. एकच शब्द. मागच्या वर्षीचा नको, आजचा पुरे.

"मला काय विचारता," ऑरिन म्हणाला. पट्टीवर हात नेला, ती नीट केली. "माझे डोळे गेलेत."

मग एलरॉयने घसा साफ केला. "शरीर तर भरलेलं दिसतंय बुवा. पाच धरायला हरकत नाही."

"पाचच आहे," कर्ट म्हणाला, आणि बाटल्या उघडल्या गेल्या. एक मार्नीपुढेही आली. तिने घेतली नाही.

तिने बाकावरचा आपला जबडा उचलला, चकतीसकट कोटाच्या खिशात घातला. धुक्यातूनही ऑरिनला ते दिसलं.

"पुढच्या वर्षी धार तुझीच," तो म्हणाला, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं. "मी कर्टला सांगेन."

"त्याचीच असू दे."

"मार्नी."

"बटाट्याच्या लेफ्सा पोळ्या आणल्यात तुझ्यासाठी, टोपलीत आहेत. गरम करून खा. लोणी वरच्या फळीवर ठेवलंय, डाव्या हाताला."

गाडीत ऊब होती. हॅटी किरकिरत होती, गाल लाल, हनुवटी लाळेने ओली.

"दाढ येतेय वाटतं," नील म्हणाला. "तुझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही तोंडाला. नर किती निघाला?"

"पाच," मार्नी म्हणाली. "चल."

ती मागे बसली आणि पोरीला जवळ घेऊन तिच्या तोंडात बोट घातलं. मागच्या हिरडीत होती खरी, नुकती वर आलेली, कडा अशा धारदार की बोटाला लागाव्यात. हॅटीने दोन्ही हातांनी तिचं मनगट पकडलं आणि चावली. मार्नीने बोट तसंच राहू दिलं.