पाच नंबरचं तेल

मिस्त्रीने गिअरबॉक्सखालचा बोल्ट काढला आणि तेल भांड्यात ओघळलं. तेलात सोनेरी कण चमकत होते. त्याने ते बोटावर घेऊन सुखदेवांना दाखवले आणि कोणतं तेल घातलं होतं ते विचारलं. सुखदेव ताठ मानेने म्हणाले, पाच नंबर.

"अंकलजी, इसमें चार जाता है। पाँच वाले ने पीतल की रिंग खा ली।"

बत्तीस वर्षं सुखदेवांनी दिल्लीतल्या कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहाच्या गाड्या चालवल्या. तिथे तेल भांडारातून यायचं, डब्यावरचा नंबर वाचायची वेळच आली नाही. निवृत्तीनंतर ही जुनी गाडी घेतली, तेव्हा तेलाच्या दुकानदाराने चार की पाच विचारलं. नोकरीत पगाराची लेव्हल चारपेक्षा पाच वरची, म्हणून त्यांनी पाच घेतलं.

नंबर कळत नसले तरी कान पक्के, असा त्यांचा लौकिक होता. एक फेरी मारून ते गिअरबॉक्समध्ये काय बिघडलंय ते सांगत. म्हणूनच लेक लुंबिनीने मागच्या महिन्यात, कान तपासा नाहीतर गाडी सोडा, असं बजावलं तेव्हा ते भरल्या ताटावरून उठले होते. गाडी सुटली तर आर. के. पुरममधल्या लेकीच्या क्वार्टरात आपण नुसते बसून राहणार, याची त्यांना धास्ती होती.

दुसऱ्या गिअरला आवाज कधीपासून येतोय, मिस्त्रीने विचारलं. आवाज कधी आलाच नाही, आज बायकोला, कौसल्याला, दवाखान्यात नेताना गिअर एकदम अडकला, असं त्यांनी ठासून सांगितलं.

बाकावर बसलेली कौसल्या काहीतरी पुटपुटली.

"काय?"

"दिवाळीपासून येते आवाज," ती मोठ्याने म्हणाली. गॅरेजमधल्या सगळ्यांनी ऐकलं.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या खुशीत चालवत होते. कसं सांगू?"

सुखदेव भांड्यातल्या तेलाकडे बघत राहिले. त्यांना तिचा राग आला नाही, स्वतःची लाज वाटली.

चौथ्या दिवशी गाडी आणायला लुंबिनीही आली. कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी किल्ली तिच्या हातात दिली आणि डावीकडे जाऊन बसले. तिने दुसरा गिअर टाकला. सुखदेवांनी दांड्याच्या बुडाशी तळहात टेकवला. खरखर हाताला लागली नाही.

"नीट पडला," ते म्हणाले. पुढच्या सिग्नलपर्यंत त्यांनी हात उचलला नाही.