दोनशे बारा मीटरवर

चिमूटभर हिरवी पूड अख्ख्या हौदाला रंग देते.

बाबा कानातलं यंत्र फक्त बातम्या ऐकायला लावतात. घरच्यांचं बोलणं त्यांना पाठ आहे म्हणे.

वाळूतलं पाणी वर्षभरात जेवढं सरकतं, तेवढं नखाएवढ्या भेगेतून दुपारपर्यंत जातं.

बोअर मारणाऱ्यांत एक शिवी होती : पाणीहरव्या.

सात विहिरी, चाळीस दिवस, दोनशे ऐंशी बाटल्या. एकीतही रंग नाही.

बाटल्या मी भरल्या होत्या. मी भूजल खात्यात आहे. शहराबाहेरच्या रसायन कारखान्याला आपलं सांडपाणी खोल खडकात सोडायचं होतं. खडकावर एकशे ऐंशी मीटर वाळू आणि गाळाचे थर आहेत, आणि शहराचा सगळा खालचा भाग त्यातलंच पाणी पितो. मधे चिकणमातीचा जाड थर आहे, पण खोऱ्याच्या कडेला तो संपतो. तिथे खडकातलं पाणी सरळ वाळूत शिरू शकतं. अर्थात, खडकाला भेग असेल तर.

भेग नाही, असं तीस वर्षांपूर्वीची नोंदवही सांगत होती. ती बाबांनी लिहिलेली, ती बोअर मारताना. खडकात ओतलेला हिरवा रंगही शहराच्या विहिरींत आला नव्हता. अहवाल संध्याकाळी पाचपर्यंत द्यायचा होता आणि नोंदवहीच्या नकलेवर बाबांची सही लागत होती.

दार त्यांनीच उघडलं. "काय गं, वाट चुकलीस?"

"सही हवीय तुमची."

"माझ्या सहीला आता कोण विचारतंय?"

"कॉलेजात तुमची वही दाखवतात, बाबा. नोंद कशी असावी ते शिकवायला."

"मग कॉलेज बंद करा म्हणावं."

मी हसले. ते हसले नाहीत. चष्मा लावून खोलीच्या आकड्यांवरून बोट खाली नेत गेले. दोनशे बारावर बोट थांबलं. मग त्यांनी यंत्र कानात घातलं. बातम्यांना अजून वेळ होता.

"रंग कुठे ओतलास?"

"तुमच्याच बोअरमध्ये. खडकात उतरलेली दुसरी आहेच कुठे?"

"आणि आलाच नाही?"

"थेंबभरही नाही."

"येणार नाही. तिथेच उभा असेल तो."

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही. पण ते माझ्याकडे न बघता बोलत राहिले.

"इथे पाणी पळालं होतं. खोदताना आम्ही वरून पाणी सोडतोय, परत काहीच येत नाही. खडकाने तीन टाक्या गिळल्या. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग भुसा टाकला, तीन पोती. चिकणमातीचे गोळे. वरून सिमेंट. दुसऱ्या दिवशी पाणी वर आलं, तेव्हा पुढे खोदलं."

"आणि वहीत?"

"पाणी वर आलं, असं लिहिलं. आलंच होतं की."

म्हणजे चाळीस दिवस मी बूच मारलेल्या बाटलीत रंग ओतून तो बाहेर येण्याची वाट बघत होते.

"बाबा, एवढी मोठी गोष्ट..."

"आमचं काम भोक पाडायचं. भेग म्हणजे आमच्यासाठी खोळंबा. ती तुमच्या कामाची असते, हे कोणी सांगितलं नाही आम्हाला." त्यांनी वही मिटली. "नाही. माहीत होतं. पाणीहरव्या म्हणाले असते मला, एवढंच."

स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. तेही पाणी त्याच विहिरींचं.

मी म्हणाले, "साहेबांना सांगते, म्हातारपणी आता आठवलं म्हणून."

"म्हातारा मी गुडघ्यांनी झालोय. आठवत मला रोज होतं."

"कॉलेजवाले, तुमचे जुने सोबती... सगळ्यांना कळेल."

"कळू दे. कागद आण. आणि नुसतं 'बोअर चालक' नको, माझं पूर्ण नाव घालायचं."

त्यांनी स्वतःच लिहिलं. अक्षर वहीतल्यासारखंच, सरळ रेषेत. पोती किती, सिमेंट किती, खोली किती. शेवटी सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. मग यंत्र काढून ठेवलं. त्यानंतर मी काय म्हणाले, ते त्यांनी ऐकलं नाही.

तो कागद जोडून मी अहवाल नव्याने लिहिला. साहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जुन्या बोअरपासून साठ पावलांवर नवी मारली. दोनशे नऊ मीटरवर तिने पाणी गिळलं. या वेळी कोणी भुसा आणला नाही. त्या भेगेत ओतलेला रंग अकराव्या दिवशी पाचव्या विहिरीत उतरला. कारखान्याला परवानगी मिळाली नाही. कॉलेजात आता दुसऱ्या कुणाची तरी वही दाखवतात.

बाबांकडे गेले त्या दिवशी सकाळी दहा वाजता, घरातून निघण्याआधी, पहिल्या अहवालातल्या 'खडक अखंड आहे' या वाक्याखाली मी सही केली होती.