लाल व्हायच्या आधी

कल्याणप्पाला दिसेनासं झालंय, हे साऱ्या अणदुरात एकट्या महानंदाला, त्याच्या बायकोला, ठाऊक होतं. आधी दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली, मग बाजूचं दिसेना. या हिवाळ्यात तर समोरचा माणूसही धुक्यातून आल्यासारखा वाटायचा. नळदुर्गच्या हकिमानं दिलेला सुरमा कधीच संपला होता.

मालकाला, आण्णासाहेबांना, सांगायचं कसं? त्यांच्या वडिलांनी महायुद्धाच्या आधी सोलापूरहून, करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरून, ते बुटकं डिझेल ट्रॅक्टर आणलं. तेव्हापासून त्यावर कल्याणप्पाशिवाय कुणाचा हात पडला नव्हता, आणि कल्याणप्पाला दुसरं काही येत नव्हतं. नांगरट चालू असली की महानंदा डोक्याला पांढरं फडकं बांधून रानाच्या टोकाला उभी राहायची. तो पांढरा ठिपका दिसला की हा वळायचा.

थंडीत मात्र ट्रॅक्टर सहजी चालू व्हायचं नाही. यंत्राच्या पुढच्या लोखंडी डोक्याखाली पितळी दिवा लावायचा, स्टोव्हसारखी हवा भरायची, आणि डोकं लाल होईस्तोवर तापवायचं. मग सुकाणूचं चाक उपसून बाजूच्या जड चाकात अडकवायचं आणि जोरानं झोका द्यायचा. डोकं कच्चं राहिलं तर यंत्र झटका खाऊन उलटं फिरे, आणि मग पुढचा गिअर टाकला तरी गाडी मागं जाई. लाल कधी झालं, ते महानंदाच हळूच सांगायची.

पौषातल्या त्या सकाळी ती तापानं फणफणली होती.

"आज अंग दुकतंय म्हणून सांगा. जाऊ नका," ती म्हणाली.

"माळाचं रान नांगरायचं ठरलंय. इतक्या वर्सांचा हात हाय माझा."

ट्रॅक्टर गोठ्याकडं पाठ करून उभं होतं, आणि गारठा असा, की पितळ हाताला चावत होतं. कल्याणप्पानं दिवा पेटवला आणि डोक्याजवळ तळवा धरून धग अजमावत बसला. लढाईमुळं रॉकेल मोजून मिळे, दिवा उगीच जळत ठेवायची सोय नव्हती. शाल लपेटून आण्णासाहेब आले.

"झालं का, कल्याणप्पा?"

त्यानं पाहिलं. डोळ्यांपुढं नुसता करडा गोळा होता. 'रंग आला का तेवढं बघा,' इतकंच म्हणाला असता तर निभावलं असतं. पण ते त्याच्या तोंडून निघेना.

"झालं," तो म्हणाला.

चाकाला झोका देताच त्याच्या खांद्याला हिसका बसला आणि यंत्र धडधडायला लागलं. आवाज नेहमीपेक्षा जरा वेगळा वाटला. पण मालक बघत होते. त्यानं सुकाणू जागेवर बसवलं, वर चढला आणि गिअर टाकला.

"थांबा! मागं बैल हाय!" आण्णासाहेब ओरडले.

कल्याणप्पानं मान वळवली, पण मागं काय आहे ते त्याला दिसलं नाही. ट्रॅक्टर उलटं मागं जाऊन गोठ्याच्या भिंतीवर आदळलं. आण्णासाहेबांनी वर उडी घेऊन यंत्र बंद केलं, तेव्हा मधे सापडलेला तांबडा बैल मोडक्या पायांनी उठू बघत होता.

कल्याणप्पा खाली उतरला. आण्णासाहेबांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. कल्याणप्पाचे हात भलतीकडंच चाचपडत राहिले.

"कवापासून?" आण्णासाहेबांनी विचारलं.

"दोन वर्सं झाली, मालक."

"मला का न्हाय सांगितलं?"

"सांगून काय झालं असतं?"

आण्णासाहेब मनानं वाईट नव्हते. त्यांनी स्वतः त्याला सोलापूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलीय तीही जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. राहती खोली तुमचीच, असं आण्णासाहेब म्हणाले, आणि बार्शीकडचा श्रीमंत नावाचा ड्रायव्हर ट्रॅक्टरवर आला.

महानंदा त्याच ट्रॅक्टरमागं धसकटं वेचायला जाऊ लागली. एका संध्याकाळी भाकरी वाढताना ती म्हणाली, "म्या त्या दिशी उठायला पायजे हुतं."

"तुझा ताप काय खोटा हुता?" तो म्हणाला. "आज न्हाय तर उद्या व्हायचंच हुतं."

सुरुवातीला काही अडलं की श्रीमंत त्याला विचारायला यायचा. दारात बसून कल्याणप्पा त्याला सगळं समजावून सांगे, दोनदा सांगे. पुढं श्रीमंतचा हात बसला, आणि त्यानं येणं बंद केलं. चैत्र लागेस्तोवर कल्याणप्पाला दारातलं ऊनही दिसेनासं झालं.