दहावा खजूर

"पोहे पिळू नकोस गो, नुसते दाब," रूबेनकाका त्यांच्याच स्वयंपाकघरात माझ्या मागे उभे राहून म्हणाले. "मलिदा करत्येस तू. दडपे पोहे नव्हेत."

"काका, तुम्ही बाहेर जाऊन बसा बघू. सकाळपासून किती खेपा घालणार?"

"बसवत नाही मला."

"मग उभे राहा, पण बाहेर."

गेले. आणि वेलची नीट कुटली की नाही ते बघायला लगेच परत आले. एरवी हा माणूस इतका शांत, की आमच्या गल्लीतली मांजरं झोपायला त्यांचीच पायरी निवडतात. पण त्या रविवारी ते घरभर येरझाऱ्या घालत होते, आणि का ते मला ठाऊक होतं. आज त्यांना चार माणसांत उभं राहून देवाचे आभार मानायचे होते. पन्नासहून जास्त वर्षं राहून गेलेले.

रूबेन धोपावकर म्हणजे मिरकरवाडा बंदराच्या वरच्या अंगाला राहणारे आमचे शेजारी. आमच्या भागातलं बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, हे एकच घर उरलंय. बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला. शनिवारी मशीनला हात लावायचे नाहीत, त्याबदली रविवार आणि यच्चयावत सणवार भरून काढायचे. म्हणून अख्खं बंदर त्यांना शनवारकाका म्हणतं. दीनाकाकू गेल्या, मुलगी तिकडे इस्रायलला अश्दोदला असते. माझे बाबा गेले तेव्हा भाऊ मुंबईहून पोचेपर्यंत आम्हाला थांबणं भाग होतं. कुणी काही सांगायच्या आत बर्फाच्या लाद्या हातगाडीवर घालून काका दारात उभे. असा शेजारी मिळाला हे माझं भाग्य, आणि हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोलले नाही, म्हणून इथे बोलून घेते.

त्यांच्या धर्मात सांगितलंय, की आजारातून उठलेल्यानं, कैदेतून सुटलेल्यानं, वाळवंट पार करून आलेल्यानं आणि समुद्रातून परत आलेल्यानं देवाचे आभार मानायचे, आणि तेही मनातल्या मनात नाही. त्यांच्याच धर्मातले दहा पुरुष जमवून, त्यांच्यासमोर मोठ्यानं.

काका समुद्रातून परत आलेले. एकाहत्तरच्या लढाईत ते नौदलात होते, विशीतले. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी पाणबुडीनं सोडलेला टॉर्पेडो त्यांच्या फ्रिगेटवर आदळला आणि एवढं मोठं जहाज चहा निवायच्या आत पाण्याखाली गेलं. जहाजाचं नाव काका घेत नाहीत, म्हणून मीही घेत नाही. काका वर डेकवर होते, ते पाण्यात फेकले गेले. त्यांचा मेसमधला जोडीदार धोंडू खाली इंजिनरूममध्ये होता. मंडणगडकडचा, शेतकऱ्याचा पोरगा. लग्न होऊन जेमतेम दोन महिने झालेले.

पुढची गोष्ट मला काकांनी नाही, धोंडूच्या बायकोनं सांगितली. सकाळी दुसऱ्या जहाजानं वाचलेल्यांना वर घेतलं आणि हजेरी सुरू झाली. मेसमधल्या जोडीदारांची एक खोड असते. एकाला यायला उशीर झाला की दुसरा त्याच्या नावाला ओ देऊन टाकतो. काका थंडीनं काकडलेले, कानांत-डोळ्यांत तेल गेलेलं. धोंडूचं नाव पुकारलं गेलं आणि काकांच्या तोंडून निघून गेलं, "हजर." तोंडाला सवय होती, डोकं जागेवर नव्हतं. झालं. गावाला तार गेली, मुलगा सुखरूप आहे. दोन दिवसांनी दुसरी तार गेली.

ही धोंडूची बायको, गंगूबाई, आज पडवीत बसली होती. पुतण्या दीपक तिला भल्या पहाटे मंडणगडहून जीपमधून घेऊन आला होता. सत्तरी उलटलेली, काटक, नाकात फुली. मलिदा म्हणजे त्यांच्यात देवाचे आभार मानताना करतात तो गोड पोह्यांचा प्रसाद; त्याचे पोहे तिच्याच शेतातल्या भाताचे. आजचा घाटही तिनंच घातला होता. काका दर वर्षी भातकापणी झाली की तिला भेटून येतात. यंदा तिनं सहज विचारलं होतं, "भावजी, तुमच्यात नवस फेडत नाय काय?" काकांनी ह्या आभारांचं सांगितलं. कधी मानले, असं तिनं विचारलं, तर काका भात कसा पिकला ते विचारायला लागले. बाई अशी काही उखडली म्हणता! "आता फेडायचा. मी येतंय ऐकाया." मग काका काय करतात? अलिबागला फोन केला.

जेवणवेळ टळायला आली तशी माणसं येऊ लागली. अलिबागकडून हज्जान सॅमसनभाऊ, म्हणजे त्यांच्यात प्रार्थना सांगणारे. त्यांच्याबरोबर मिनीबसमधून ठाण्या-पनवेलचे नातेवाईक. सगळे हायवेच्या नावानं बोटं मोडत होते. कुणी पाय धुवायला मागे गेलं, कुणी बंदर बघायला कठड्याशी गेलं. खेडचा बेंजामिन परभारे एसटीनं यायचा होता.

आता त्यांच्यात माणसं मोजत नाहीत. म्हणजे डोक्यावर बोट ठेवून एक, दोन, तीन असं म्हणायचं नाही. माणूस म्हणजे काही पोत्यातला नारळ नव्हे, असं सॅमसनभाऊ म्हणाले. मग दहा झाले हे कळायचं कसं? तर काकांच्या घरची जुनी रीत अशी, की ताटात दहा खजूर ठेवायचे. त्यांच्यातल्या प्रत्येक पुरुषानं एक उचलायचा. ताट रिकामं झालं की दहा भरले. मी खजूर ठेवले, ताट पडवीतून घरभर फिरवलं आणि पुन्हा पोह्यांत नारळ कालवायला आत आले.

थोड्या वेळानं सॅमसनभाऊंनी ताट पाहिलं. रिकामं.

"चला, बेंजामिन पण आला वाटतं. रूबेन, ऊठ."

काका उठले. डोक्यावरची टोपी सारखी केली. त्यांच्या तोंडचं पाणी असं पळालं, की मला वाटलं हे आता खाली बसतात. सॅमसनभाऊंनी त्यांचा प्रेषित एलियाहू हन्नाबी, त्याचं नाव घेऊन दिवा लावला. आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"कोण? बेंजामिन? अरे, मग इथे कोण आहे?" भाऊ ओरडले. "संगमेश्वरला? टँकर उलटलाय? आणि कधी सुटेल?... बरं. बरं."

फोन ठेवून त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. मोजायचं नाही, त्यामुळे नुसतंच पाहिलं.

"रात्रीपर्यंत रस्ता सुटत नाही म्हणतो. मग दहावा खजूर कुणी खाल्ला?"

जो तो दुसऱ्याच्या हाताकडे बघू लागला. मग पडवीतून आवाज आला, "मी खाल्ला. परसाद नव्हता तो?"

पनवेलच्या पाहुण्यांना हसू आवरेना. गंगूबाई गोरीमोरी झाली. "मना काय ठावं? ताट समोर आलं, मी घेतला. गोड व्हता हो."

"असू दे, असू दे," सॅमसनभाऊ म्हणाले, पण त्यांचंही तोंड उतरलं होतं.

काकांचं मात्र उतरलं नव्हतं. मी त्यांना चांगली ओळखते. त्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "राहू दे. दहा नाहीत म्हणजे देवाच्याच मनात नाही. योगिनी, पानं घे गो."

मला असा राग आला! एवढी माणसं खड्डे मोजत आली, ती म्हातारी अंधारात निघून आली, आणि हे शाळा बुडाल्यासारखे खूश.

सॅमसनभाऊ जरा थांबून म्हणाले, "दहा नसले तर देवाचं नाव वगळून म्हणता येतं, रूबेन. माझे वडील तसंच सांगायचे."

"नाव वगळून? म्हणजे पत्ता न लिहिता टपाल टाकायचं?"

"पोचतं ते."

"नको, भाऊ." काकांचा आवाज खाली गेला. "खरं सांगू? दहा असते तरी माझ्यानं झालं नसतं. आपल्या पूर्वजांच्या पाठीवर आलेलं फिरोन राजाचं सैन्य समुद्रात बुडालं, तेव्हा देवदूत गायला लागले. देवानं त्यांना काय सांगितलं? माझी लेकरं बुडतायत आणि तुम्ही गाता? शत्रू बुडाला तरी गायचं नाही, आणि माझी तर आपली माणसं होती. एका ताटात जेवणारी. मी कुठल्या तोंडानं गाऊ?"

सॅमसनभाऊंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"गाऊ नका असं देवानं देवदूतांना सांगितलं, रूबेन. त्यांचे पाय ओले झाले नव्हते. आपले जे पूर्वज त्या पाण्यातून बाहेर आले ते गायलेच की. त्यांना देवानं अडवलं नाही."

हे मला फार पटलं. पण काकांनी मान हलवली. पटलं असेलही, पण आत काही उतरलं नाही.

गंगूबाई पडवीतून उठून उंबऱ्याशी आली.

"भावजी, पयली तार आली तवा मी काय केलं, ठावं हाय तुमाना?"

काकांनी मान वर केली नाही.

"देवीची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. सगळ्या वाडीत गूळ वाटला. मंग दुसरी तार आली. सासू बोल्ली, कोणी मेल्यानं फशिवलं आपल्याला. मी काय बोल्ली नाय. आज बोलतंय. ते दोन दिस माझा घोव जिता व्हता. बाकी जगात कुटं नसंल, माझ्या घरात व्हता. डोक्यात अबोली माळली मी. भाकऱ्या भाजताना गाणी बोल्ली. लगीन झालं नि तो बोटीवर गेला, मना सौंसार तो काय तेवडाच. ते दिस मना तुमी दिलेत."

"वयनी, चुकून दिले," काका म्हणाले.

"चुकून तर चुकून. मना मिळालं ना? मंग दुसरी तार आली म्हणून मी देवळात जाऊन ओटी परत मागितली काय? भरलेली ओटी कोण परत घेतं?" तिचा आवाज चढला. "मी देवीचं देवीला दिलं नि तुमी तुमच्या देवाचं इतकी वर्सं धरून बसलाव. एक गेला तो गेला. तुमी वाचून पण नाय वाचल्यासारकं ऱ्हायलेत, तर मंग दुसरा पण फुकट गेला ना? उटा आता. हायवे बंद हाय, मना दर्याकडच्या वाटेनं मंडणगड गाठायचाय."

एवढं बोलून ती उंबऱ्यावरच बसली, आता मी हलत नाही अशी.

काका उठले. ह्या वेळी कुणी सांगितलं नाही. टोपी चाचपली आणि पश्चिमेकडे तोंड केलं. मग हिब्रूतून म्हणायला लागले. आधी घोगरं, मग स्वच्छ. मला अर्थ कळत नव्हता, पण जिथे देवाचं नाव यायचं तिथे ते थांबत होते, हे कळत होतं. त्या थांबण्यात खाली बंदरातल्या होड्यांची इंजिनं ऐकू येत होती. शेवटचा शब्द त्यांनी सावकाश, पुरा म्हटला. माझे डोळे कधीचेच वाहत होते.

मग सगळे पुरुष एका सुरात काहीतरी म्हणाले.

"हे काय बोल्ले?" गंगूबाईनं सॅमसनभाऊंना विचारलं.

"ते उत्तर असतं, बाई. ज्यानं तुझं भलं केलं, त्यानं तुझं सगळं भलंच करावं."

"मंग ता मना बोलूं दे."

सॅमसनभाऊ क्षणभर घुटमळले. बायकांनी हे उत्तर द्यायची त्यांच्याकडे पद्धत आहे की नाही, मला माहीत नाही. पण ते बाजूला सरले. गंगूबाईनं पदर डोक्यावरून घेतला, काकांसमोर उभी राहिली आणि त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "भावजी, ज्यानं तुमाना काडलं, तो तुमचं सगळं भलंच करूं दे."

"आमेन," काका म्हणाले. लहान पोरासारखे म्हणाले.

मी पानं मांडली. मलिदा, केळी, चिकू, वर गुलाबाच्या पाकळ्या. पुरुषमंडळी बोलत, हसत, हायवेला शिव्या देत जेवायला लागली. गंगूबाईला मी पान वाढलं, पण तिनं ते बाजूला सरकवलं. "मागनं घेतंय," म्हणाली. काका भिंतीशी बसून खात होते. त्यांनी मलिदा मागून घेतला, मग पुन्हा मागून घेतला. नारळ चावताना त्यांना वेळ लागत होता. गंगूबाई त्यांच्या समोर गुडघ्यावर हात ठेवून बसली. नवऱ्याला जेवताना बघायला जिला पुरते दोन महिनेही मिळाले नव्हते, ती एक म्हातारा माणूस जेवतो ते पान रिकामं होईपर्यंत बघत राहिली.

मग उठून तिनं दीपकला गाडी वळवायला सांगितली.